एक फर्मवेअर, दोन बोर्ड: तयार लायब्ररी एम4 वर लिंक होत नाही

प्रश्न:
नमस्कार मंडळी. आमचा शेतीपंपाचा कंट्रोलर एसटीएम32एफ103 वर (कॉर्टेक्स-एम3 कोअरची चिप) आहे. नवा बोर्ड एफ407 वर (एम4 कोअर, सोबत एफपीयू म्हणजे फ्लोटचं गणित करणारं हार्डवेअर) केलाय, कारण करंट-व्होल्टेजचं सगळं गणित फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) आहे. मोजमापाची लायब्ररी पुरवठादाराकडून तयार मिळते, एम3 साठी बिल्ड केलेली; सोर्स देत नाहीत. एफपीयू चालू केलं की लिंकर अडतो: तुमचा कोड व्हीएफपी (एफपीयूच्या) रजिस्टरमधून आर्ग्युमेंट देतो, लायब्ररी देत नाही. एफपीयू बंद केलं तर एम4 घेऊन उपयोग काय? त्यात चिपनुसार कोड निवडणारे इफडेफ कोडभर. एका बोर्डाचं दुरुस्त केलं की दुसऱ्याचं मोडतं.

उत्तर 1:
मी स्टार्टर पॅनेलच्या फर्मवेअरवर काम करते, तेव्हा हे दुखणं ओळखीचं आहे. फ्लोट-एबीआय, म्हणजे फंक्शनला फ्लोट आकडे कसे द्यायचे याचा नियम, पूर्ण इमेजमध्ये (चिपवर जाणाऱ्या अख्ख्या फर्मवेअरमध्ये) जुळावा लागतो. ‘हार्ड’मध्ये फ्लोट एफपीयूच्या एस0 रजिस्टरमधून जातो, ‘सॉफ्ट’मध्ये सीपीयूच्या साध्या आर0 मधून. लिंकर अडवतोय ते बरंच आहे. त्याने जोडून दिलं असतं तर लायब्ररीने आर0 मध्ये पडलेलं काहीही करंट म्हणून वाचलं असतं आणि ओव्हरलोड ट्रिप भलत्याच आकड्याला झाली असती.

तुम्हाला हवाय ‘सॉफ्टएफपी’. तुमचा कोड एफपीयूच्या सूचना वापरतो, पण आर्ग्युमेंट आर0 मधूनच देतो, म्हणून ‘सॉफ्ट’ लायब्ररीशी जुळतो. एम3 चा कोड एम4 वर चालतो, ती अडचण नाही. सीपीयू, एफपीयू आणि एबीआयचे फ्लॅग कंपाइलला देता तेच लिंकलाही द्या, नाहीतर जीसीसी कंपाइलर दुसऱ्याच प्रकारची लिबजीसीसी (त्याची स्वतःची मदतनीस लायब्ररी) उचलतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लायब्ररीच्या आतलं गणित सॉफ्टवेअरमध्येच होत राहील. पुरवठादाराकडे एम4 चा ‘हार्ड’ बिल्ड मागा, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आणि हा एफपीयू फक्त सिंगल प्रिसिजनचा आहे. कोडात नुसतं 0.707 लिहिलं की ते डबल होतं आणि गणित पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये जातं. आकड्यापुढे एफ लावा, आणि डबल-प्रमोशनची वॉर्निंग चालू ठेवा.

प्रश्नकर्ता:
ताई, लिंक झालं! पण आता एडीसीचं रीडिंग सीपीयूशिवाय थेट रॅममध्ये टाकणाऱ्या डीएमएचा बफर शून्यच दाखवतो. एफ103 वर हाच कोड चालतो.

उत्तर 1:
लिंकरची मॅप फाईल (कुठलं व्हेरिएबल कुठल्या पत्त्यावर, याची यादी) उघडून बफरचा पत्ता बघा. 0x10000000 च्या आसपास असेल तर तो सीसीएम रॅममध्ये (सीपीयूला थेट जोडलेल्या वेगळ्या रॅममध्ये) गेलाय. एफ407 चे ते 64 केबी फक्त सीपीयूला दिसतात, डीएमएला नाही. बफर 0x20000000 पासूनच्या रॅममध्ये आणा. लिंकर स्क्रिप्ट (काय कुठल्या मेमरीत ठेवायचं ते सांगणारी फाईल) कुठून तरी उचलली की नेमकं हेच होतं.

म्हणून इफडेफबद्दल माझं मत ठाम आहे: अ‍ॅप्लिकेशनच्या कोडात चिपचं नाव येताच कामा नये. प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र फोल्डर करा. लिंकर स्क्रिप्ट, स्टार्टअप, क्लॉक, पिना आणि एबीआयचे फ्लॅगही त्यातच. एफ103 ला पिनची दिशा सीआरएल-सीआरएच रजिस्टरमध्ये, दर पिनला 4 बिट; एफ407 ला मोडर रजिस्टरमध्ये, दर पिनला 2. हे एका फाईलमध्ये कोंबून काय मिळणार? अ‍ॅपला फक्त ‘रिले चालू कर’ एवढं फंक्शन दिसू दे. कुठल्या बोर्डाची फाईल जोडायची ते सीमेक (बिल्डची मांडणी करणारं टूल) ठरवेल.

उत्तर 2:
ताईंचं पटलं. एक भर घालतो: दर बोर्डाला बिल्ड फोल्डरही वेगळं ठेवा. सीमेक टूलचेन (कंपाइलर-लिंकरचा संच) पहिल्या कॉन्फिगरलाच ठरवून कॅशमध्ये ठेवतो. त्याच फोल्डरात बोर्ड बदलला तर जुनं कंपाइलर सेटिंग राहून जातं. जीसीसीची आवृत्तीही सीमेकमध्येच तपासा. जुळली नाही तर बिल्ड तिथेच थांबू दे. एफ1 आणि एफ4 ची क्यूब पॅकेजं (चिप बनवणाऱ्या कंपनीचे तयार ड्रायव्हर) वेगवेगळी आहेत, दोन्ही गिट सबमॉड्यूल म्हणून ठराविक टॅगवर (आवृत्तीवर) बांधा.

प्रश्नकर्ता:
बफर सीसीएममध्येच होता. हलवल्यावर रीडिंग आलं. फोल्डर वेगळे करायला घेतलेत, सुरुवात पिनांपासून.