पुतणीच्या मानेचं ऑपरेशन कुठं करावं?

केजकर: मंडळी, सल्ला पाहिजे. पुतणी १९ वर्षांची, बी.एस्सी.ला आहे. लहानपणी स्टोव्हचा भडका होऊन गळा भाजला होता. जखम भरली, पण कातडी आखडून हनुवटी खाली ओढली गेलीय. मान वर होत नाही, उजवीकडं वळत नाही. आता स्थळं बघायलेत म्हणून दादानं एका कॉस्मेटिक सेंटरला दाखवलं. त्यांनी पॅकेज सांगितलं, वर १८ टक्के जीएसटी. आमचे आबा म्हणायलेत, "नटायसाठी एवढा पैसा? तेवढ्यात शेतात बोअर होतंय." लातूरला न्यावं की संभाजीनगरला? योजनेत बसतं का?

वॉर्ड_सिस्टर: आबांना सांगा, हे नटणं नाही. मान वर होत नाही म्हणजे अवयवाचं काम अडलंय. भाजल्यानंतर आखडलेली कातडी सोडवायचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत आहे, फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेला जोडलेल्या रुग्णालयात करावं लागतं. रेशन कार्ड, आधार आणि जुने कागद घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा. सरकारीत संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दाखवा.

आणि त्या सेंटरात अजिबात करू नका. मान अशी ओढलेली असली की भूल देताना श्वासाची नळी घालणंच अवघड असतं. अनुभवी भूलतज्ज्ञ आणि आयसीयू पाहिजेच. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतले एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत का, ते तोंडावर विचारा. भिंतीवरची सर्टिफिकिटं बघून भुलू नका.

हिशेबनीस: जीएसटीचं माझ्याकडून. केस लावणं, नाक सुबक करणं यांवर कर आहे. पण जन्मजात व्यंग किंवा इजेमुळं बिघडलेलं शरीर पूर्ववत करायची सर्जरी करमुक्त आहे. म्हणजे ते १८ टक्के तुमच्या केसला लागतच नाहीत. ज्यांना हे माहीत नाही किंवा माहीत असून लावलं, त्यांच्या हातात पोरीची मान देऊ नका राव.

गोदाकाठ: शिबिराची वाट बघता येईल का? पद्मश्री डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून येऊन औरंगाबादेत लायन्सच्या शिबिरात फुकट ऑपरेशनं करायचे. लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांच्याकडं स्माइल ट्रेन संस्थेमार्फत दुभंगलेल्या ओठांची मोफत होतात.

वॉर्ड_सिस्टर: दोन्ही कामं मोठीच. पण स्माइल ट्रेन ओठ-टाळूसाठी आहे. आणि मानेचं ऑपरेशन झालं म्हणजे निम्मंच झालं. मांडीची कातडी लावतात, ती पुन्हा आकसायला बघते. म्हणून कॉलर आणि व्यायाम कितीतरी महिने, रात्रीसुद्धा. कंटाळा केला की मान परत खाली. त्यासाठी सारखं दाखवायला जाता येईल असं जवळचं ठिकाण धरा.

टकलू_परभणी: मी हौसेनं केस लावून घेतले, आबा माझ्यासारख्याला बोलले तर कबूल. पण पोरीला मान सुटण्यासोबत आरशात बरंही दिसायचं असेल, तर त्यात काय वावगं? तिला कुणी विचारलंय का?

केजकर: विचारलं आत्ता. म्हणाली, "स्थळासाठी नको, मला स्कुटी चालवताना मागं वळून बघायचंय." उन्हाळ्याच्या सुट्टीत करावं का?

वॉर्ड_सिस्टर: आपल्याकडं मे महिन्यात गळ्याला कॉलर म्हणजे घामानं खाज सुटते, पोरी काढून टाकतात. तपासणी आत्ताच करून घ्या. डॉक्टरांनी घाई सांगितली नाही तर ऑपरेशन दिवाळीनंतरच्या थंडीत, परीक्षेचं वेळापत्रक बघून.