'म्हातारचळ' की 'स्मृतिभ्रंश'?

फोंड्याहून प्रश्न: सासूबाई ७६ वर्षांच्या. परवा बाजारातून परतताना चाळीस वर्षांची पायाखालची वाट चुकल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "म्हातारचळ गो, आणखी काय!" डॉक्टरांनी डिमेंशिया सांगितला. पण 'स्मृतिभ्रंश' म्हटलं की नणंद ऐकत नाही. आईला माझ्या लग्नातला मानपानसुद्धा आठवतो, मग स्मृती गेली कुठे, म्हणते. नेमका शब्द कोणता?

म्हापशाहून: ताई, 'म्हातारचळ' आधी घराबाहेर काढा. चळ म्हणजे मन ढळणं, नाद लागणं. हा शब्द वापरतात तो बहुतेकदा उतारवयातल्या रंगेलपणाला. त्यात आजार नाही, ठपका आहे. विसरभोळेपणाही वेगळा. आदोळी (नारळ खवायची विळी) कुठे ठेवली ते आठवेना, हा विसरभोळेपणा. आदोळीवर बसून हातातल्या नारळाचं काय करायचं ते सुचेना, तर डॉक्टर गाठायचा.

पणजीहून: भ्रंश म्हणजे घसरून पडणं; भ्रष्ट, अपभ्रंश त्याच धातूतले. गीतेत 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो' आहे (२.६३), पण तिथे रागातून सुरू झालेली घसरण आहे. तोच शब्द आजाराला लावला की नकळत दोषही चिकटतो. नणंदेची शंका रास्त आहे. सुरुवातीला जुनं टिकतं, नवं टिकत नाही. शिवाय वाट, हिशेब, बोलताना शब्द, निर्णय हेही बिघडतं. 'डिमेंशिया'च्या मूळ लॅटिन शब्दात स्मृती नाहीच, मन आहे. जपानने तर २००४ साली जुना अपमानकारक शब्द टाकून 'निन्चिशो' (आकलनाचा विकार) घेतला. 'स्मृतिभ्रंश' रूढ आहे, राहू दे. पुढे 'आजार' मात्र लावाच. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार, प्रतिशब्द नव्हे.

आपल्या गोव्यातलाच एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. लोक लक्षणं ओळखत होते, पण त्यांना तो आजार वाटत नव्हता. वय झालं म्हणायचे, नाहीतर मुलांनी माया केली नाही म्हणायचे. म्हणजे दोष घरच्यांच्या माथी.

म्हापशाहून: म्हणूनच 'जोखीम घटक' आणि 'कारण' यांची गल्लत नको. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेंशियाचे बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अति दारू, एकटेपणा त्यात आहेत. हे सगळे आवरले तर जगातल्या डिमेंशियाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतील. पण कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही.

फोंड्याहून: सासूबाई चार वर्षं टीव्हीचा आवाज वाढवतात, आम्ही त्यावरून चिडायचो. सोमवारी कान तपासायला नेते. नणंदेला 'मेंदूचा आजार' एवढंच सांगितलं. तिने पहिल्यांदाच विचारलं, गोळ्या कधी द्यायच्या?