सज्जनगडावर वडिलांना कसं न्यावं? मदत हवी आहे

वडील ७६ वर्षांचे, सगळी हयात साताऱ्यात गेली, पण 'पुढच्या वर्षी जाऊ' करत सज्जनगड राहूनच गेला. आईचं पंढरपूर असंच राहिलं, त्यामुळे आता टाळायचं नाही. गाडी वाहनतळापर्यंत जाते, अडचण पुढच्या पायऱ्यांची. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बसत-बसत पन्नासेक पायऱ्यांना परवानगी दिलीय, जास्त नको म्हणाले. वजन ७८ किलो, उचलून नेणं माझ्या कमरेला झेपणार नाही. अजिंक्यतारा सुचवून पाहिला, वर गाडी जाते म्हणून. पण त्यांना समर्थांच्या समाधीचंच दर्शन हवंय. मला सुट्टी फक्त रविवारी.

हल्ली कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर सांगा: पायथ्याशी डोली मिळते का, आणि रविवारी ती आधी ठरवावी लागते का?