मदत हवी आहे: ३० मीटरचा पादचारी-सायकल पूल, हलका केला तर हलेल का?

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका गावासाठी नदीवर पायी आणि सायकलने जाण्यापुरता पोलादी पूल करायचाय. पुरात ओंडके अडकतात, म्हणून पात्रात खांब नको. ३० मीटरचा एकच गाळा. रुंदी २.५ मीटर. काठापर्यंत मोठी क्रेन पोचत नाही, म्हणून वजनाची एवढी कटकट.

दोन्ही बाजूंना प्रॅट ट्रस (उभ्या-तिरक्या दांड्यांची पोलादी जाळी), वरून मोकळं. ट्रसची उंची १.४ मीटर, कॉर्ड (ट्रसच्या वरच्या-खालच्या लांब दांड्या) १८० × १८० × ८ मिमीची चौकोनी नळी. पुलाचं वजन साधारण १२ टन. गर्दीचा भार चौरस मीटरला ५०० किलो धरलाय, म्हणजे ३७.५ टन. सरपंच म्हणतात, सायकलींना एवढा कशाला? पण विसर्जनाला अख्खं गाव पुलावर उभं राहणार. कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूलही १५ जून २०२५ ला गर्दी असतानाच पडला.

मजबुतीत बसतंय, अडलंय कंपनात. स्वतःच्या वजनाने मध्यभागी २० मिमी झोळ. पूल सेकंदाला किती वेळा वरखाली हलेल याचा ढोबळ हिशोब, १८ भागिले त्या झोळाचं वर्गमूळ, म्हणजे जेमतेम ४ हर्ट्झ. ५ हर्ट्झच्या खाली असेल तर युरोकोड (युरोपची बांधकाम-मानकं) कंपनाची वेगळी तपासणी मागतो. कॉर्ड जाड करावी तर वजनही वाढतं. काय करू?

प्रतिसाद: जाडी नको, उंची वाढवा. १.६ मीटर केलीत तर ४.६ च्या आसपास जाल, वजन किरकोळ वाढेल. वरच्या बाजूला वाढवा, म्हणजे पूरपातळीवरची मोकळी जागा तशीच राहते आणि सायकलवाल्यांना कठडाही मिळतो. माणूस सेकंदाला साधारण २ पावलं टाकतो, त्यापासून तुम्ही लांब आहात.

पण ५ गाठायच्या नादात १.८ करू नका. वर दोन ट्रसना जोडणारं ब्रेसिंग (आडवे-तिरके आधार) नाही, त्यामुळे दाबातली वरची कॉर्ड कलंडू न देणं हे सगळं काम ट्रसचे उभे खांब आणि आडव्या तुळईच्या यू-फ्रेमचं. खांब उंच झाले की ती लवचीक होते. आणि आडवं डोलणं वेगळं तपासा. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये त्यापायीच दोन दिवसांत बंद करावा लागला होता. डेकखाली (चालायच्या पृष्ठभागाखाली) आडवं ब्रेसिंग हवंच.

धागाकर्ता: धन्यवाद सर. खांब-तुळईचा जोड जागेवर बोल्टने केला तर चालेल?

प्रतिसाद: तो कोपरा वर्कशॉपमध्येच वेल्ड करून घ्या. तुळईचा अर्धा मीटर तुकडा खांबालाच ठेवा, बोल्ट त्याच्या पुढे. गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा मुलामा) करणार असाल तर नळ्यांना आधी भोकं पाडायला सांगा; बंद नळी जस्ताच्या टाकीत फुटते.