गरोदरपणातल्या गोळ्या : कुठल्या घ्यायच्या, कुठल्या नाहीत?

निंबोणी (धागाकर्ती)

माझ्या धाकट्या जावेला तिसरा महिना संपत आलाय. परवा तपासणीहून आली ती भलीमोठी पिशवी घेऊनच. ओट्यावर सगळं मांडलं : लोह-फॉलिकच्या गोळ्या, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, ओमेगाच्या कॅप्सूल आणि चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर. सासूबाई म्हणाल्या, "आमची चार बाळंतपणं झाली, एक गोळी नाही घेतली कधी. मी हळिवाचे लाडू करते, तेवढं पुरे."

माझं मत स्पष्ट आहे. लोह, फॉलिक आणि कॅल्शियम औषध म्हणूनच घ्यायचं, त्यात टाळाटाळ नको. या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बाकीचं, रक्ततपासणीत कमतरता दिसल्याशिवाय किंवा डॉक्टरांनी कारण सांगितल्याशिवाय, उगाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. आणि पूर्ण १८० दिवस गोळ्या घेतलेल्या किती? २६ टक्के. पावडरीबद्दल म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांत कुपोषित भागातसुद्धा गरोदर बाईला जास्त प्रथिनांचं पूरक देऊ नका असं म्हटलंय. तिथं जे द्यायला सांगितलंय ते ऊर्जा आणि प्रथिनं यांचा समतोल असलेलं पूरक खाणं. तो डबा मी परत पाठवला. चुकलं का माझं?

रानभाजी

ताई, डब्याबाबत सहमत, गोळ्यांबाबत नाही. लोहाची गोळी मी दोन महिने घेतली. तोंडाला गंजलेल्या खिळ्यासारखी चव, बद्धकोष्ठ, सकाळी उलटी. गोळीने खाणं सुटत असेल तर फायदा कसला?

पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. आई एकूण किती खाते यापेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाते, याचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध दिसला. म्हणजे ताटात काय आहे ते बघा. आपल्याकडे बाई सगळ्यांत शेवटी जेवायला बसते आणि कढईतली भाजी तोवर संपलेली असते. गोळीचं पाकीट हातात दिलं की घरच्यांना वाटतं आपलं काम झालं. माझा राग गोळीवर नाही, यावर आहे.

सांजवात

रानभाजी, तुमचा राग समजतो, पण "गोळ्या नकोत" असं इथे लिहू नका. कुणीतरी वाचेल आणि ऐकेल.

मला विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत कळलं की बाळाच्या पाठीचा कणा मिटलेलाच नाही. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या, मग यंत्र बंद करून त्यांनी माझा हात धरला. पुढचं लिहीत नाही.

नंतर वाचलं ते सांगते. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटते. तोवर कित्येक बायकांना दिवस गेलेत हेसुद्धा माहीत नसतं. १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सात देशांतल्या चाचणीचे निकाल आले. आधीच्या गरोदरपणात असं व्यंग झालेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर ते पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. ही पालेभाजी नव्हती, गोळी होती. मी तर रोज मेथी-पालक खायचे. शिजवताना त्यातलं फोलेट (म्हणजे अन्नातलं फॉलिक) बरंचसं जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिने आधीपासून मोठ्या मात्रेची गोळी घेतली. मुलगी आता दुसरीत आहे.

गिरणगाव

या गोळीचं मूळ आपल्या मुंबईत आहे, म्हणून लिहितो. ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. इथल्या गरीब बायकांत, त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही होत्या, गरोदरपणी भयंकर पांडुरोग व्हायचा, म्हणजे अंगातलं रक्त कमी व्हायचं. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांच्या लक्षात आलं की यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं स्वस्त मार्माइट, दिलं की या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या अर्कातला गुण फोलेटचा होता, हे पुढे कळलं.

रानभाजी

सांजवात, तुमचं वाचून गलबललं. फॉलिकबाबत माझा शब्द मागे घेते.

पण गिरणगाव, तुम्ही सांगितलंत त्यात यीस्ट म्हणजे खाण्याचीच वस्तू आहे ना? फॉलिक ॲसिड हे नावही १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं तेव्हा पडलं.

आणि सरसकट गोळ्या वाटण्याबाबत माझी शंका कायम आहे. त्याच पुण्याच्या अभ्यासातल्या दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आईचं फॉलिक जास्त आणि बी-१२ कमी, अशा जोडीची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तर त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. शाकाहारी घरांत फक्त फॉलिक देऊन बी-१२ कडे दुर्लक्ष करणं मला धोक्याचं वाटतं.

निंबोणी

बी-१२ चा मुद्दा पटला. जावेकडे शाकाहारच आहे, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारते. पण त्यावरून फॉलिक थांबवायचं नाही, बी-१२ तपासायचं.

आणि ताटाचं म्हणाल तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तोही प्रयोग झालाय. पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ बायकांना रोज दिला. २०१४ मध्ये निकाल आले. सगळ्या मिळून बघितलं तर बाळांचं वजन वाढलं नाही. ज्यांनी गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने खाऊ खाल्ला, त्यांच्यात सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली. गरोदरपणातला मधुमेह मात्र चांगलाच कमी झाला. म्हणजे फॉलिकची गोळी काय आणि भाजी काय, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जागं होणं उशिराचंच.

पायवाट

पावडरीला सरसकट वाईट म्हणू नका. माझ्या बायकोला साडेचार महिने पाणीसुद्धा पचत नव्हतं. सात किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी सांगितलेली पावडर दुधात कालवून चमच्याने दिली, तेवढंच पोटात टिकायचं. त्या डब्याचे मी उपकार मानतो.

निंबोणी

तुमची वेळ वेगळी होती, तिथे तो उपचारच होता. माझी जाऊ दोन वेळा व्यवस्थित जेवते.

वाडीवरची ताई

मी आशा सेविका आहे, आदिवासी पाड्यांवर काम करते. गोळी की भाजी हा वाद आमच्याकडे असा नसतो. तिथे गोळी पोचते, पोटात जात नाही. एका घरी पेटी उघडली तर लोह-फॉलिकच्या लाल गोळ्यांची नऊ पाकिटं, रबर लावून ठेवलेली, एकही फोडलेलं नाही. विचारलं तर सासू म्हणाली, बाळ काळं होतं. दुसरीकडे सांगतात बाळ मोठं होतं आणि मग पोट फाडावं लागतं. यातलं काहीच खरं नाही. काळी होते ती शौच, आणि त्याला घाबरायचं कारण नाही.

मी सांगते ते एवढंच : चौथा महिना लागला की रोज एक लाल गोळी, रात्री जेवण झाल्यावर, लिंबूपाण्याबरोबर. रात्री घेतली की मळमळ झोपेत निघून जाते. चहाबरोबर नाही, कॅल्शियमबरोबर तर नाहीच, दोघांत दोन तास तरी जाऊ द्या. बाळंतपणानंतरही १८० दिवस. रानभाजीताई, तुमचं ताटाचं मात्र शंभर टक्के खरं. अमृत आहार योजनेत अंगणवाडीत बाईला तिथेच बसवून जेवू घालतात, ते मला म्हणूनच आवडतं. शिधा घरी दिला तर तो सगळ्यांत वाटला जातो.

रानभाजी

ताई, रात्री घ्यायची हे मला दोन महिन्यांत कुणी सांगितलं असतं तर!

निंबोणी

आज रात्रीपासून जावेची गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. सासूबाईंनी हळीव भिजत घातलेत, तेही होऊ दे. माझ्या डोक्यात आता दुसरंच आहे. नणंदेचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. फॉलिकचं तिला आत्ताच सांगायला हवं. सासूबाईंपाशी विषय काढला तर म्हणाल्या, "अक्षता पडायच्या आत पोरीला गोळ्या? लोक काय म्हणतील?" उद्या नणंद साडीखरेदीला येतेय, तेव्हा तिलाच बाजूला घेऊन सांगणार आहे.