फिंचचं घरटं: हात कधी घातलात, कधी नाही? अनुभव लिहा

आमच्याकडे नागपुरात, मानेवाड्यात झेब्रा फिंचची (पिंजऱ्यात पाळतात त्या छोट्या पक्ष्यांची) जोडी आहे. मागच्या महिन्यात घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यात पाच अंडी झाली. पहिल्या अंड्यापासून बारा दिवस मोजले, पिल्लं दिसेनात. राहवलं नाही, मडकं खाली काढलं आणि बोट घालून पाहिलं. मादी नंतर आत गेलीच नाही. अंडी थंड पडली. ते मनातून जात नाही. तुम्ही घरट्यात कधी हात घातला, काय झालं, ते लिहा. चुकलेलंही लिहा.

महालातून:
ताई, मोजण्यातच गडबड झाली. मादी रोज एक अंडं घालते, पण नीट बसते ती तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर. तिथून बारा ते चौदा दिवस धरायचे. म्हणजे तुमचा बारावा दिवस खरं तर आठवा-नववाच होता.
माझी चूक दुसरीच. नर काड्या नेऊन राहिला होता, मला लय कौतुक. रोज काथ्या टाकत गेलो. त्याने चार अंड्यांवर काथ्याचा थर दिला आणि मादीने त्यावर पुन्हा अंडी घातली. खालची चारही वाया. फिंचला काडी दिसली की तो विणतोच. आता पहिलं अंडं दिसलं की उरलेला काथ्या मी उचलून घेतो. सुती दोरा तर कधीच देऊ नका, पिल्लाच्या पायाला आवळला की पाय जातो.

खामल्यातून:
माझी मादी गेली. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसली, शेपटी खालीवर होत होती. अंडं अडकलं होतं. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवली, डॉक्टरांकडे निघाले, पण ती वाटेतच गेली. त्या वर्षी मी अंड्यांच्या पाच खेपा होऊ दिल्या होत्या. कवचाचं सगळं कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आता कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) कायम टांगलेला असतो, राळा-बाजरीबरोबर उकडलेलं अंडं कुस्करून देते, आणि वर्षाला दोन खेपा झाल्या की मडकं काढून घेते. मडकं काढलं तरी काही जोड्या दाण्याच्या भांड्यात अंडी घालतात. मग नर-मादी वेगळे.

सदरमधून:
नागपूरच्या उन्हाचं कोणी लिहिलं नाही. नवतप्यात आमच्या गॅलरीत दोघंही चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून बसायचे, अंड्यांवर कोणीच नाही. कूलरसमोर पिंजरा ठेवला तर थेट झोताने दुसराच त्रास. आता आतल्या खोलीत, झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवतो. मार्च संपला की मडकं काढतो, पोळा झाला की लावतो.
हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातले, पाऊस पडला की वीण करणारे. २०१६ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की हवा २६ अंशांच्या वर गेली की शेवटच्या दिवसांत आईबाप अंड्यांजवळ एक वेगळाच आवाज काढतात आणि तो ऐकलेली पिल्लं उष्ण घरट्यात कमी वजनाची राहतात. वाचल्यापासून मी मडक्याजवळ रेडिओ लावत नाही.

लक्ष्मीनगरातून, आजी:
बाळ, हात लागला म्हणून पक्षी टाकतात असं नाही गं. नव्या जोड्या तशाही कधीकधी पहिली खेप सोडून देतात. गेल्या दिवाळीत चार दिवसांचं पिल्लू मडक्याबाहेर पडलं, गार लागत होतं, तोंडही उघडेना. दोन्ही तळव्यांत धरून बसले. हळूहळू गरम झालं, मान वर केली, तसं परत मडक्यात ठेवलं. दहा मिनिटांत बाप आत गेला आणि आतून चिवचिव सुरू झाली. तीन आठवड्यांनी काळ्या चोचीचं ते पोर बाहेर आलं. पुढे गाल नारिंगी झाले तेव्हा कळलं, नर आहे. पाचव्या आठवड्यात स्वतः दाणे फोडायला लागल्यावरच मी त्याला वेगळं केलं; बाप पुढच्या खेपेच्या तयारीत त्याला टोचायला लागला होता.

मानेवाड्यातून पुन्हा:
आजी, वाचून रडू आलं. आज नवं अंडं दिसलं. काथ्या उचलून ठेवलाय, दिवस मोजायची तारीख चौथं अंडं झालं की लिहीन.