जोतिबाचे जावळ आणि बाळाचा इसब : वस्तरा लावावा की नाही?

प्रेषक : राजारामपुरी

मंडळातील सर्व कोल्हापूरकरांना सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही ब्रिटनहून कोल्हापूरला जात आहोत. बाळाला नववा महिना लागत असल्याने सासूबाईंनी जोतिबावर जावळ काढण्याचे ठरवून गुरवांना आणि माझ्या भावाला निरोपही धाडला आहे. अडचण एवढीच आहे की गालांवरचा इसब (एक्झिमा) आता बराच आटोक्यात असला, तरी डोक्याच्या मागच्या बाजूला आणि कानांच्या पाळ्यांमागे त्वचा अजून लाल आणि ओलसर आहे. रात्री खाजवल्यावर सकाळी पाळण्यातल्या चादरीवर खपल्या पडलेल्या दिसतात. येथील जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन (सौम्य स्टिरॉइड) आणि दिवसातून अनेकदा लावायचे, ओलावा टिकवणारे साधे मलम दिले आहे, परंतु जावळ म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगणे मला जमले नाही. अशा डोक्यावर वस्तरा फिरवावा की नाही, आणि फिरवायचा नसेल तर घरच्यांना न दुखावता काय करता येईल, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

प्रेषक : मंगळवार पेठ

वहिनी, आपण उगाच घाबरून जाऊ नये. आमच्या घरातील सर्वांची जावळे जोतिबावरच झाली आणि कुणाला काही झालेले नाही. केस निघाले की औषध थेट कातडीला लागते, त्यामुळे वस्तरा उलट फायद्याचाच ठरतो. आदल्या रात्री घाण्याचे शेंगतेल कोमट करून डोक्यावर जिरवावे आणि सकाळी डाळीच्या पिठाने स्वच्छ धुवावे, म्हणजे खपल्या आपोआप सुटतील. बाळ अंगावर पीत असेल तर आपण तांबडा रस्सा, वांगे आणि अंडी काही काळ बंद ठेवावीत, कारण हा सगळा उष्णतेचा प्रकार आहे. गुलालाची चिंता तर मुळीच करू नये, तो देवाचा प्रसाद आहे. मंडळाच्या सहलीच्या वेळीही मी हेच सांगितले होते, ते आठवत असेल.

प्रेषक : ताराबाई पार्क

मंगळवार पेठेच्या काकांविषयी पूर्ण आदर राखून मला त्यांच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याशी असहमती नोंदवावी लागत आहे.

इसबात त्वचेचा सर्वांत वरचा थर कमकुवत असतो. त्यातून पाणी उडून जाते आणि बाहेरच्या गोष्टी आत शिरतात. अशा त्वचेवर बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू आधीपासूनच ठाण मांडून बसलेले असतात. ओलसर जागेवर वस्तरा फिरला की बारीक जखमा होतात आणि जंतूंना आत जायला वाट मिळते. त्यामुळे त्वचा ओलसर असेपर्यंत वस्तरा लावू नये, एवढे स्पष्ट उत्तर वहिनींना देता येते. ती पूर्ण कोरडी आणि शांत झाल्यावर, नव्या पात्याने आणि जाणत्या हाताने जावळ काढण्यास माझी हरकत नाही, मग ते वर्षानंतर का होईना.

डाळीचे पीठ आणि घाण्याचे शेंगतेल हे दोन्ही मला वस्तऱ्यापेक्षा अधिक चिंतेचे वाटतात. फुटलेल्या त्वचेतून एखाद्या अन्नपदार्थाची प्रथिने वारंवार आत गेली, तर शरीर त्या पदार्थाला शत्रू मानू लागण्याचा संभव असतो. इंग्लंडमधील एका अभ्यासात शेंगदाणा तेल असलेली मलमे लावलेल्या बाळांमध्ये पुढे शेंगदाण्याची ऍलर्जी अधिक आढळली, आणि तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. याउलट २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या चाचणीत, तीव्र इसब किंवा अंड्याची ऍलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांपैकी ज्यांना शेंगदाणा नियमितपणे खाऊ घातला, त्यांच्यात ही ऍलर्जी कितीतरी कमी झाली. म्हणजे शेंगदाणा पोटात जावा, कातडीवर नव्हे. मात्र तीव्र इसब असलेल्या बाळाला तो प्रथमच देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि द्यायचा तो कधीही अख्खा दाणा नव्हे, तर बारीक कूट खिमटीत किंवा पेजेत नीट मिसळून द्यावे.

आईच्या आहाराविषयी सांगायचे, तर ठरावीक ऍलर्जी सिद्ध झाल्याशिवाय तिने काहीही सोडू नये. वहिनींनी रस्सा खुशाल ओरपावा.

प्रेषक : शाहूपुरी

डॉक्टरकाका, आमचे आजोबा घाणा चालवीत असत, म्हणून हे लिहिणे भाग पडते. घाण्याच्या तेलाने कोल्हापुरातील कित्येक पिढ्यांची बाळे न्हाऊन-माखून मोठी झाली आहेत. बाजारातील रिफाइंड तेल ज्या रीतीने तयार होते ती पाहिलेला माणूस ते बाळाच्या अंगाला लावणार नाही. आपण शुद्ध तेलाला दोष देऊन रसायनांची भलामण करीत आहात, असे वाचताना वाटले.

प्रेषक : ताराबाई पार्क

शाहूपुरीकर, आपल्या आजोबांच्या तेलाचा मीही चाहता आहे आणि भडंगाला आजही तेच वापरतो. परंतु येथे त्याचा गुणच आड येतो. रिफाइंड करताना प्रथिने जवळजवळ सगळी निघून जातात आणि घाण्याच्या तेलात ती उरतात. धडधाकट त्वचेच्या बाळाबद्दल मी काहीही म्हटलेले नाही. या बाळाची त्वचा फुटलेली आहे. मोहरीचे तेलही अशा त्वचेला झोंबते. चोळून मालिश करण्याऐवजी कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकावी, साबण टाळावा, पंचाने अलगद टिपावे आणि अंग ओलसर असतानाच साधे मलम केसांच्या दिशेने भरपूर लावावे. भरपूर म्हणजे आठवड्याला पाव ते अर्धा किलो. हा आकडा ऐकून आया दचकतात, कारण नखाएवढे मलम सगळ्या अंगाला पुरवण्याची आपल्याकडे सवय असते.

स्टिरॉइडचे माप मात्र वेगळे आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून निघालेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढी दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. ते केवळ लाल जागेवर लावावे आणि साधे मलम व ते यांच्यात थोडा वेळ जाऊ द्यावा.

प्रेषक : चिटणीस

सर्व सभासदांना नम्र विनंती आहे की औषधोपचारांच्या चर्चेसाठी मंडळाने आरोग्य समिती नेमलेली असून तिच्या संयोजिकांना या पत्रव्यवहाराची कल्पनाही नव्हती. शिवाय भारतातून मागवलेल्या मलमांविषयी या ईमेल-यादीवर लिहू नये, हा गेल्या वर्षीचा ठराव अद्याप लागू आहे.

प्रेषक : उत्तरेश्वर पेठ

चिटणीस साहेब, मलमे मागवण्याविषयी कुणीच लिहिलेले नाही. मात्र आपण विषय काढलाच आहे, तर वहिनींना सावध करणे आवश्यक वाटते. तिकडे कुणी प्रेमाने “गजकर्णाचे आहे, दोन दिवसांत गुण येतो” असे म्हणून एखादी नळी आणून दिली, तर तीत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टिरॉइड असू शकते. अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला, तरी ती सहज मिळतात. आमच्या पुतणीच्या गालावर एका दुकानदाराने दिलेले असे मलम लावले गेले. चार दिवस गाल गुळगुळीत दिसला आणि बंद करताच दुप्पट लाल झाला. तेव्हा आपली नळी आणि जीपींची चिठ्ठी सोबत न्यावी. मोठा डबा सामानात टाकावा, कारण बऱ्याच विमानतळांवर शंभर मिलिलिटरवरचे मलम हातातील पिशवीत सहसा नेऊ देत नाहीत.

आता मूळ प्रश्न. आमच्या धाकट्याच्या वेळी हाच पेच होता. आम्ही मामाच्या मांडीवर बसवून कात्रीने एकच बट कापली, ती देवाला वाहिली आणि उरलेले जावळ पुढच्या वर्षी काढण्याचे बोललो. गुरवांनी विनातक्रार मान्य केले. चुलत सासऱ्यांनी मात्र परतीच्या वाटेवर अवाक्षर काढले नाही, तेव्हा आपले गुरव आणि घरातील वडीलधारे यांना आधीच फोन करून विचारलेले बरे. रविवार टाळावा, कारण त्या दिवशी डोंगरावर गुलाल हवेतच असतो. दर्शनाच्या तोंडावर बाळाला जाड मलम फासू नये, नाहीतर तेच गुलाल धरून ठेवते. तासभर आधी लावून मुरू द्यावे, सुती टोपी आणि पूर्ण बाह्यांचे झबले घालावे, आणि खाली उतरल्यावर लगेच कोमट पाण्याने धुऊन पुन्हा लावावे. गुलाल मामाच्या कपाळाला लागला तरी देवाला तो पोहोचतो.

प्रेषक : मंगळवार पेठ

बट वाहण्याची रीत आमच्याही भावकीत आहे, हे मी सांगणारच होतो. मात्र न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी द्यायला विसरू नये.

प्रेषक : ताराबाई पार्क

काका, धुरी नको. धुराने खाज वाढते, आणि त्याहून मोठा धोका विस्तवाचा आहे. अंगाला लावलेले मलम कपड्यांत मुरते आणि असे कापड ठिणगी लागताच झपाट्याने पेटते. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. येथील औषध नियामकांनी २०१८ साली तसा इशारा दिलेला आहे. म्हणून औक्षणाचे निरांजन आणि कापूर बाळापासून हातभर लांब ठेवावेत.

आणखी एक गोष्ट सांगून मी थांबतो. जावळाच्या दिवशी जो येईल तो बाळाचा पापा घेईल. ओठावर तापाचे फोड आलेल्या कुणालाही जवळ येऊ देऊ नये, कारण त्या विषाणूचा संसर्ग इसबाच्या त्वचेवर भराभर पसरतो. पिवळट खपल्या, पू किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि एकसारखे बारीक फोड पुंजक्याने उठल्यास रात्र असली तरी थांबू नये.

प्रेषक : राजारामपुरी

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. सासूबाईंशी काल फोनवर बोलणे झाले. बट वाहण्यास त्या तयार आहेत, मात्र ती चांदीच्या कात्रीने कापावी असा त्यांचा आग्रह आहे. कुणाकडे अशी कात्री असल्यास कृपया कळवावे, रविवारच्या सभेला येऊन घेऊन जाईन.

प्रेषक : शाहूपुरी

आमच्याकडे आहे, परंतु धार नाही. महाद्वार रोडवर लावून घ्यावी लागेल.